कामापुरती माणसं : ‘ऑफ माइस अँड मेन’ची प्रस्तावना

या कादंबरीच्या साधारण मध्यावर एक जुनं मासिक येतं. व्हिट नावाचा तरुण गडी ते काखोटीला मारून बराकीत शिरतो. काउबॉयांच्या मारधाडीच्या गोष्टी छापणारं स्वस्तातलं मासिक. पण व्हिटला गोष्ट दाखवायची नसते. मागच्या पानावरचा वाचकांचा पत्रव्यवहार दाखवायचा असतो. तिथे कुणाचं तरी छोटंसं पत्र आहे. मासिक फार आवडतं, अमक्याचं लिखाण झकास असतं, असलं काहीतरी. खाली नाव : विल्यम टेनर. हा बिल टेनर तीनेक महिन्यांपूर्वी याच रँचवर वाटाण्याच्या शेतात कल्टिव्हेटर चालवत होता. पत्र धाडलंय, छापतात की नाही कुणास ठाऊक, असं तो व्हिटला म्हणालाही होता. आता बिल कुठे आहे ते कुणालाच माहीत नाही, पण पत्र छापून आलंय. स्लिम नावाचा गडी ते मोठ्यानं वाचतो. नुकताच कामाला आलेला जॉर्ज बघू म्हणून हात पुढे करतो, तर व्हिट पान उघडून दाखवतो पण मासिक काही हातचं सोडत नाही. मग ते आपल्या उशाजवळच्या खोक्यात जपून ठेवून देतो.

घटना एवढीच. कथानकाला तिचा काडीचाही उपयोग नाही. गाळली तरी पुढचं काही अडणार नाही. जॉन स्टाइनबेकसारख्या काटकसरी लेखकानं ती ठेवली, आणि ठेवली तीही अशा जागी की त्याच वेळी त्याच खोलीत कॅन्डीच्या म्हाताऱ्या कुत्र्याला गोळी घालायची की नाही याचा वाद रंगलेला आहे. कार्लसन नावाचा गडी म्हणतो, घाला. कॅन्डी म्हणतो, लहानपणापासून सांभाळलाय मी त्याला. मध्येच हे पत्र येतं, सगळे त्याभोवती जमतात, कॅन्डीला जरा वाटतं की विषय निघून गेला. निघून गेलेला नसतो. कार्लसन पुन्हा तिथेच येतो.

मला या कादंबरीचं मर्म त्या पाचसात मिनिटांत सापडतं. एकीकडे, काम संपवून निघून गेलेला माणूस छापील नावापुरता का होईना शिल्लक राहिला याचं गड्यांना वाटणारं अप्रूप. दुसरीकडे, काम संपलेलं जनावर आजच्या आज नाहीसं व्हावं म्हणून चाललेली घाई. आणि कोपऱ्यातल्या खाटेवर एक हात तुटलेला म्हातारा कॅन्डी, ज्याला या दोन्ही गोष्टींचा अर्थ इतर कुणाहीपेक्षा लवकर कळतो.

ज्यांना शेवट आधी समजलेला खपत नाही त्यांनी इथेच थांबून आधी कादंबरी वाचावी. शंभर-सव्वाशे पानांचं पुस्तक आहे, एका बैठकीत होतं. प्रस्तावना कुठे पळून जात नाही.

स्टाइनबेकचा जन्म कॅलिफोर्नियातल्या सॅलिनास गावचा, १९०२ सालचा. सॅलिनास नदीच्या लांबट सुपीक खोऱ्यात तो वाढला, स्टॅनफर्ड विद्यापीठात गेला आणि पदवी न घेता बाहेर पडला. मध्यंतरी त्यानं स्प्रेकल्स साखर कंपनीच्या शेतांवर मजुरी केली. वळकटी पाठीवर टाकून एका रँचवरून दुसऱ्या रँचवर हिंडणारे गडी त्यानं तिथे जवळून पाहिले. ही कादंबरी १९३७च्या फेब्रुवारीत आली. तिच्या आधी, १९३६ साली, शेतमजुरांच्या संपावरची ‘इन ड्यूबियस बॅटल’, आणि नंतर, १९३९ साली, ‘द ग्रेप्स ऑफ रॅथ’. त्या पुस्तकाला पुढच्या वर्षी पुलित्झर मिळालं. नोबेल १९६२चं. म्हणजे हे पुस्तक दोन मोठ्या, संतापलेल्या कादंबऱ्यांच्या मधलं. याच्यात संताप नाही. संप नाही, पुढारी नाही, मालकाचा जुलूमही फारसा नाही. मालक नाताळला गॅलनभर व्हिस्की आणून देतो म्हणून गडी त्याला बरा माणूस म्हणतात. मला वाटतं, म्हणूनच हे पुस्तक त्या दोघांपेक्षा जास्त बोचतं : इथे कुणाला शिव्या देऊन मोकळं होता येत नाही.

हस्तलिखिताची गंमत जाता जाता सांगतो. निम्म्याच्या आसपास मजकूर स्टाइनबेकच्या टोबी नावाच्या सेटर जातीच्या पिल्लानं एका रात्री फाडून टाकला. दोन महिन्यांचं काम गेलं. राग आला, पण बिचाऱ्यानं कदाचित समीक्षा केली असेल, अशा अर्थाचं काहीतरी लेखकानं पत्रात लिहून ठेवलंय. कुत्र्याच्या मरणाभोवती फिरणारी कादंबरी कुत्र्यानंच एकदा खाल्ली होती, आणि त्याचा गुन्हा माफ झाला होता.

स्टाइनबेकनं ती लिहिली रंगमंच डोळ्यासमोर ठेवून. सहा प्रकरणं, प्रत्येकाला बहुतेक एकच जागा : नदीकाठ, बराक, तबेला, क्रूक्सची खोली. गुरुवारी संध्याकाळी सुरू होऊन रविवारी संध्याकाळी संपते. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात जॉर्ज कॉफमनच्या दिग्दर्शनाखाली ती ब्रॉडवेवर आली आणि १९३८ साली न्यूयॉर्कच्या नाट्यसमीक्षकांचा पुरस्कार तिला मिळाला. १९३९मध्ये लुईस माइलस्टोननं चित्रपट केला. नाव रॉबर्ट बर्न्सच्या १७८५च्या कवितेतून घेतलेलं आहे. नांगराच्या फाळाखाली घर मोडलेल्या उंदरीची ती कविता.

आता रँचवर जाऊ.

सोलदाद गावाच्या दक्षिणेला काही मैलांवर हा रँच. बार्लीचा हंगाम चालू आहे. गड्यांना महिन्याला पन्नास डॉलर, वर जेवण आणि झोपायला खाट. सॅन फ्रान्सिस्कोतल्या एजन्सीकडून कामाची चिठ्ठी आणि बसचं तिकीट घेऊन माणसं येतात, महिनाभर पोती उचलतात, पगार झाला की गावात जाऊन तो उडवतात आणि दुसऱ्या रँचची वाट धरतात. बराकीत प्रत्येक खाटेच्या डोक्याशी भिंतीला सफरचंदाचं खोकं ठोकलेलं, उघडी बाजू पुढे करून. साबण, दाढीचा वस्तरा, टाल्कम पावडर, मासिकं, जे काय असेल ते त्या खोक्यात. एका माणसाचा अख्खा संसार तेवढ्या जागेत मावतो, आणि मावायलाच पाहिजे, कारण महिन्याभरात तो उचलून न्यायचा आहे. बिल टेनरचं पत्र याच खोक्यांपैकी एकात जाऊन बसतं.

या माणसांना एकटं राहायची हौस नाही. हंगामी मजुरीची रीतच अशी आहे की बायकापोरांचा, घराचा, गावाचा पाश नसलेला माणूस तिला सोयीचा. जॉर्ज आणि त्याच्यावर विसंबून असलेला धिप्पाड, मंदबुद्धी लेनी जोडीनं येतात तेव्हा मालकाला शंका येते. लेनीच्या वतीनं जॉर्जच उत्तरं देतो हे पाहून मालक विचारतो की तू याचा पगार तर लाटत नाहीस? एक माणूस दुसऱ्यासाठी इतकी उठाठेव करतो म्हणजे त्यात काहीतरी मतलब असणार. जॉर्ज थाप मारतो की हा माझा चुलतभाऊ, लहानपणी घोड्यानं डोक्यात लाथ मारली म्हणून असा झालाय. नात्याची आणि अपघाताची थाप पचते; नुसती सोबत पचत नाही. पुढे स्लिमही आश्चर्य करतो, पण चांगल्या मनानं.

जॉर्ज सतत पेशन्स खेळत असतो, इकडे लक्ष द्या. कुणी बोलत असलं, भांडत असलं, कुत्र्याला मारायला नेत असलं तरी जॉर्जची बोटं पत्ते मांडत असतात. एकट्यानं खेळायचा डाव, जोडीदार समोर बसलेला असतानाही. स्टाइनबेक त्यावर एक अक्षर बोलत नाही.

कॅन्डीकडे येतो. तो बराक झाडतो. चार वर्षांपूर्वी याच रँचवर यंत्रात त्याचा उजवा हात गेला. त्याबद्दल त्याला अडीचशे डॉलर मिळाले. म्हणजे पगाराच्या हिशेबानं हाताची किंमत पाच महिने. तेव्हापासून तो झाडू मारतो, आणि झाडू मारता येईनासा झाला की आपल्याला काढून टाकतील, काउंटीच्या खर्चानं चालणाऱ्या निराधारांच्या आसऱ्याला नेऊन घालतील, हे त्याला पक्कं ठाऊक आहे. यात म्हातारपणाचा भ्रम काही नाही. १९३५ साली अमेरिकेत सामाजिक सुरक्षेचा कायदा झाला, म्हातारपणी पेन्शन मिळायची सोय झाली, पण त्यातून शेतमजूर आणि घरकाम करणारे वगळले गेले. त्याच वर्षी संघटना बांधायचा हक्क देणारा कायदा झाला, तोही शेतमजुरांना लागू नव्हता. शेतावरच्या नोकरांना पेन्शनच्या कायद्यात थोडीफार जागा मिळायला १९५० साल उजाडावं लागलं. कॅन्डीचं भय ही तेव्हाच्या कायद्याची सरळ नोंद आहे.

कुत्र्याचा प्रसंग इतक्यांदा शाळा-कॉलेजांत शिकवला गेला आहे की त्याचा धक्का बोथट झाला असेल, म्हणून तो पुन्हा हळू वाचायची विनंती करतो. कुत्रं एके काळी मेंढ्या राखण्यात पटाईत होतं. आता आंधळं, संधिवातानं आखडलेलं, तोंडात दात नाही. कॅन्डी त्याला दूध पाजून जगवतो. कार्लसनची तक्रार वासाची आहे. तो दुष्ट नाही, हे महत्त्वाचं. त्याचं म्हणणं व्यवहाराचं आहे : कुत्रं तुझ्या कामाचं नाही, स्वतःच्याही कामाचं नाही, मग कशाला ठेवायचं? आणि त्याला कळणारसुद्धा नाही. गोळी नेमकी कुठे घालायची ते तो दाखवतो, डोक्याच्या मागे, आणि दाखवतो बुटाच्या टोकानं. तो बूट मला विसरता येत नाही.

कॅन्डी स्लिमकडे बघतो. रँचवर स्लिमचा शब्द शेवटचा. वीस-वीस खेचरं एका दोरीवर हाकणारा, शांत, सगळ्यांना समजून घेणारा माणूस. स्लिमला नको म्हणता आलं असतं. तो म्हणतो की मी म्हातारा पांगळा झालो तर मलाही कुणीतरी गोळी घातलेली बरी. याच स्लिमनं आदल्या रात्री आपल्या कुत्रीच्या नऊ पिल्लांपैकी चार बुडवून मारलीत, कारण नऊंना पाजणं तिला झेपलं नसतं. कादंबरीतल्या सर्वांत भल्या माणसाचा हिशेबही तोच आहे, हे स्टाइनबेकनं लपवलेलं नाही. कार्लसन निघतो तेव्हा स्लिम त्याला एवढंच बजावतो की फावडं घेऊन जा.

मग बराकीत वाट पाहणं सुरू होतं. कॅन्डी खाटेवर छताकडे बघत पडलेला. कुणी पत्ते पिसतं, कुणी काहीतरी विषय काढू बघतं, फळ्यांखाली कुठेतरी उंदीर कुरतडतोय. सगळ्यांना बोलायचंय आणि कुणालाच बोलता येत नाही. बार ऐकू येतो. कॅन्डी कूस बदलून भिंतीकडे तोंड करतो. खोली माणसांनी भरलेली आहे आणि त्यातल्या एकालाही त्याच्या खाटेपर्यंत चार पावलं टाकता येत नाहीत. नंतर कार्लसन परत येऊन कॅन्डीच्या देखतच पिस्तूल साफ करतो, तेही काही मनात न आणता. पुढे कॅन्डी जॉर्जला म्हणतो की मी स्वतःच मारायला हवं होतं त्याला, परक्याच्या हाती द्यायला नको होतं. आपण निरुपयोगी झालो की आपल्यालाही कुणी गोळी घालावी, अशी इच्छाही तो बोलून दाखवतो. जगाचा हिशेब तो मान्य करून बसलाय.

आणि तरी त्याच रात्री तो स्वप्नात भागीदारी मागतो. जॉर्ज-लेनीचं ते जमिनीचं स्वप्न : दहा एकर, छोटं घर, गाय, ससे, सशांसाठी लसूणघास, गावात सर्कस आली तर कुणाला न विचारता काम टाकून बघायला जायचं. किंमत सहाशे डॉलर. जॉर्ज-लेनीकडे जवळपास काहीच नाही. कॅन्डी मोजून दाखवतो : हाताचे अडीचशे, शिल्लक टाकलेले पन्नास, महिनाअखेर आणखी पन्नास. साडेतीनशे. त्यात या दोघांचा एका महिन्याचा पगार घातला की साडेचारशे. तोवर हवेत असलेलं स्वप्न पहिल्यांदा जमिनीवर येतं, आणि ते आणतो रँचवरचा सर्वांत बिनकामाचा माणूस. त्या स्वप्नाच्या किंमतीचा मोठा हिस्सा एका तुटक्या हातावर उभा आहे.

पण कॅन्डी भागीदारी कशी मागतो बघा. मी स्वयंपाक करीन, कोंबड्या बघीन, बागेत खुरपीन, माझा वाटा मृत्युपत्रात तुमच्या नावे करीन. नुसतं मला येऊ द्या, असं म्हणायचा धीर त्याला होत नाही. दुसऱ्या रात्री क्रूक्सचंही तेच होतं : पैसे नकोत, खाऊनपिऊन राबेन. माणसानं स्वप्नातसुद्धा जागा मिळवायची ती राबूनच. समीक्षक या स्वप्नाला नंदनवन म्हणतात. मला त्यात रँचचाच कायदा थोडा मऊ होऊन आलेला दिसतो. अपवाद एकच, ती सर्कस.

क्रूक्स हा रँचवरचा एकुलता एक काळा माणूस, तबेल्याचं काम बघणारा. घोड्याच्या लाथेनं पाठ वाकडी झालेला; जॉर्जनं लेनीबद्दल मारलेली थाप याच्या बाबतीत खरी आहे. तो खेचरांच्या साजाच्या खोलीत राहतो. इतरांना महिन्याभरात निघायचं असतं, याला कायम राहायचं असतं, म्हणून याच्याकडे सामान आहे : बूट, गजराचं घड्याळ, बंदूक, पाठीला चोळायचं औषध, आणि १९०५च्या कॅलिफोर्निया दिवाणी संहितेची वाचून वाचून फाटलेली प्रत. कायद्याचं ते पुस्तक त्याच्या काय कामाचं, ते प्रकरणाच्या शेवटी कळतं. मालकाच्या मुलाची, कर्लीची, बायको त्याला आठवण करून देते की मी एक शब्द बोलले तर तुला झाडाला टांगतील, आणि तो भिंतीला टेकून आक्रसतो. मग भागीदारीचा विषय परत घेतो, म्हणतो थट्टा केली. उपयोगी असणं माणसाला वाचवतं या समजाला क्रूक्स हा चोख जबाब आहे. त्याचं काम सगळ्यांना लागतं, तो कुणालाच नको असतो. आणि एक बारकी गोष्ट : कॅन्डी आणि क्रूक्स दोघंही वर्षानुवर्षं याच रँचवर आहेत, पण कॅन्डी क्रूक्सच्या खोलीत पहिल्यांदा पाऊल टाकतो ते या शनिवारी रात्री.

कर्लीच्या बायकोबद्दल माझं लेखकाशी भांडण आहे. तिला नाव नाही. हॉलिवूडहून यायचं पत्र कधी आलंच नाही, मग भेटला तो कर्ली, आणि आता बोलायला कुणी नाही म्हणून ती दारादारात उभी राहते. हे सगळं स्टाइनबेकला ठाऊक होतं. ब्रॉडवेवर तिची भूमिका करणाऱ्या क्लेअर लूसला १९३८ साली लिहिलेल्या पत्रात त्यानं या बाईच्या एकाकीपणाबद्दल जितक्या मायेनं लिहिलं तितकी माया पुस्तकात तिच्या वाट्याला येते ती ती मेल्यावर.

राहिला लेनी. उपयोगाचीच मोजणी करायची तर याच्याइतका कामाचा गडी खोऱ्यात नाही. दोन गड्यांचं काम तो एकटा ओढतो. पण त्याच हातांनी उंदीर मरतो, पिल्लू मरतं, कर्लीच्या मुठीचा चुरा होतो, शेवटी कर्लीची बायको मरते. या लेनीचं पुढे टेक्सासात जे झालं ते स्टाइनबेकला सुचलं नसतं. बौद्धिक अपंगत्व असलेल्या कोणत्या आरोपीला देहदंडातून वगळावं हे ठरवताना तिथल्या वरिष्ठ फौजदारी न्यायालयानं २००४च्या निकालात लेनीचा दाखला दिला : लेनीला सूट मिळावी हे बहुतेकांना पटेल, असा. त्या निकालातले निकष पुढे वापरले गेले. लेखकाच्या मुलानं २०१२ साली याचा जाहीर निषेध केला, आणि २०१७ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं ते निकष मोडीत काढले. जगायला कोण लायक हे मोजण्याविरुद्ध लिहिलेलं पात्र मोजपट्टी होऊन बसलं.

शेवटी जॉर्ज लेनीला गोळी घालतो. ती दयेपोटी, असं बहुतेक जण म्हणतात. दया आहेच, कर्लीच्या हाती लागला असता तर हाल झाले असते. तरी मला अस्वस्थ करतं ते हे की पिस्तूल कार्लसनचं आहे, जागा डोक्यामागची, कार्लसननं बुटानं दाखवलेली, आणि धडा कॅन्डीचा : परक्याच्या हाती देऊ नये. या रँचवर प्रेम करायची जी एकमेव रीत उरली आहे ती जॉर्ज शिकलेला आहे. शेवटी जॉर्ज आणि स्लिम या दोघांना काय झालंय हे कार्लसनला कळतच नाही, आणि तो खोटं बोलत नसतो.

त्याआधी तबेल्यात बाईचं प्रेत सापडल्यावर कॅन्डी एक प्रश्न विचारतो, आणि माझ्या मते कादंबरीत त्याच्याइतका निर्दय प्रश्न दुसरा नाही. आपण दोघं तरी घेऊ शकतो ना ती जागा? जॉर्ज उत्तर देण्याआधीच त्याला उत्तर समजतं. आकडे फारसे बदललेले नाहीत. साडेतीनशे कॅन्डीचे, जॉर्जचा पगार, सहाशेतले उरलेले फेडायला जॉर्जचे दोन हात. व्यवहार सगळा जमतो. पण जॉर्ज म्हणतो की आता इतरांसारखाच महिनाभर राबेन आणि मिळालेले पन्नास डॉलर एका रात्रीत उडवीन. त्याला जमीन लेनीशिवाय नको आहे. लेनीनं ती गोष्ट पुन्हा पुन्हा सांगायला लावली म्हणून ती खरी वाटत होती. कॅन्डी मात्र जॉर्जसारखा दुसऱ्या रँचवर निघून जाऊ शकत नाही. तो मेलेल्या बाईवर राग काढतो, तिला वाटेल ते बोलतो, रडतो. माणसं बंदुका घेऊन लेनीच्या मागावर निघतात तेव्हा स्लिम त्याला प्रेतापाशी थांबायला सांगतो. कादंबरीत कॅन्डीला दिलेलं हे शेवटचं काम. सहाव्या प्रकरणात तो नाही. सोमवारी बराक झाडायला तो उठला असेल, आणि त्याचे पैसे बँकेत तसेच असतील.